स्क्रीनवर एक, कागदावर भलतंच: प्रिंटर बदलायच्या आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे की नवीन मॉनिटर घेतलाय, सोबत फोटोवाला इंकजेट प्रिंटर आहे, स्क्रीनवर फोटो झक्कास दिसतो पण कागदावर काळपट येतो, चेहरे लालसर होतात आणि निळ्याचा जांभळा होतो. कार्ट्रिज बदलून झाल्या, फोटोचा ब्राइटनेस वाढवून झाला, फरक नाही. आता नवा प्रिंटर घ्यावा का कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र)?

प्रिंटर घेऊ नका, आत्ता तरी अजिबात नको. ही तुम्हाला एकच तक्रार वाटतेय पण या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिघींची कारणं वेगळी आहेत. काळपट येणं हा नव्वद टक्के वेळा मॉनिटरचा दोष, लालसर येणं हा बहुतेक सेटिंगचा घोळ, आणि निळ्याचा जांभळा होणं हा शाईचाच स्वभाव. तिन्हींवर एकच उपाय शोधत बसलात तर महिनाभर कागद आणि शाई जाळत बसाल, मी बसलोय.

आधी काळपटाचं घेऊ कारण तेच सगळ्यात जास्त लोकांना छळतं.

मॉनिटर स्वतः उजेड टाकतो, कागद टाकत नाही, कागद फक्त खोलीतला उजेड परत फेकतो. नवीन मॉनिटर डब्यातून निघतो तेव्हा तो २५० ते ३५० निट (स्क्रीनचा उजळपणा मोजायचं माप) एवढ्या उजेडावर लावलेला असतो कारण दुकानात शेजारच्या मॉनिटरपेक्षा उठून दिसायचं असतं त्याला. आता कागदाचा हिशोब बघा. चांगला पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्यातला साधारण नव्वद टक्के उजेड परत देतो. कागदाचे निट काढायला लक्सला, म्हणजे कागदावर पडणाऱ्या उजेडाच्या मापाला, ०.९ ने गुणायचं आणि ३.१४ ने भागायचं. रात्री ट्यूबलाइटखाली टेबलावर समजा १५० लक्स आहेत, तर कोरा पांढरा कागद झाला ४३ निट. मॉनिटरचा पांढरा ३०० निट. म्हणजे सातपट फरक आणि आपण म्हणतोय प्रिंट डार्क आली! प्रिंट डार्क नाही आली हो, स्क्रीन डोळे दिपवतेय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे.

म्हणून फोटोचं काम करणारे मॉनिटर ८० ते १२० निटच्या मध्ये ठेवतात. वरचाच हिशोब उलटा केला तर ३५० लक्स उजेडात कागद बरोबर १०० निटच्या आसपास येतो, त्यामुळे हा आकडा हवेतून आलेला नाही. मीटर नसेल तर साधा जुगाड आहे, स्क्रीनवर पूर्ण पांढरी कोरी विंडो उघडा, शेजारी प्रिंटचाच कोरा कागद धरा, ज्या उजेडात तुम्ही प्रिंट बघणार आहात त्याच उजेडात, आणि मॉनिटरचा ब्राइटनेस कमी कमी करत जा, दोन्ही पांढरे सारखेच उजळ वाटेपर्यंत. पहिल्यांदा करताना वाटेल की स्क्रीन मेली, अगदी मरगळलेली वाटते, पण दहा मिनिटात डोळ्याला सवय होते. बऱ्याच मॉनिटरवर हा आकडा शंभरातल्या वीस-तीसवर येऊन थांबतो. बास, आता तोच फोटो उघडा, ब्राइटनेस वाढवायच्या आधीचा. तो स्क्रीनवरसुद्धा काळपटच दिसेल. म्हणजे फोटो मुळातच डार्क होता, झगझगीत स्क्रीनमुळे ते तुम्हाला कधी कळलंच नाही.

हे करताना ऑटो ब्राइटनेस, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, आणि मॉनिटरच्या मेनूतले व्हिव्हिड, गेम, मूव्ही वगैरे जे काय मोड असतील ते सगळे बंद. आणि नाइट लाइट, नाइट शिफ्ट, ट्रू टोन असे स्क्रीनचा रंग आपोआप बदलणारे प्रकार तर आधी बंद. यावरून माझीच एक फजिती सांगतो. कपड्यांच्या कॅटलॉगचं काम होतं, संध्याकाळी बसून रंग लावत होतो, फोटो पिवळट वाटत होते म्हणून हळूहळू निळा वाढवत गेलो, ऐंशी फोटो झाले. सकाळी उघडलं तर सगळे फोटो निळेढुस्स. सूर्य मावळला की नाइट मोड आपोआप चालू व्हायचा आणि इतका हळू चालू व्हायचा की मला पत्ताच नाही, वर खोलीची भिंतसुद्धा फिकट नारिंगी होती, तिचा उजेड परत स्क्रीनवर. ऐंशीच्या ऐंशी परत केले. तेव्हापासून कामाच्या खोलीची भिंत करड्या रंगाची आहे आणि स्क्रीनचा वॉलपेपरसुद्धा करडाच, घरचे म्हणतात की काय सुतकी खोली आहे.

आता लालसर.

इथे एक छोटी परीक्षा घ्या, हिच्यात अर्धं निदान होतं. प्रिंटरची टेस्ट इमेज म्हणून फाइली मिळतात, त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्याची पट्टी असते, वेगवेगळ्या वर्णाचे चेहरे असतात, भडक रंगांचे चौकोन असतात. अशी एक फाइल घ्या आणि तिला कणभरही हात न लावता छापा. छापायच्या आधी नोझल चेक, म्हणजे शाईची भोकं उघडी आहेत का ते दाखवणारी रेघांची प्रिंट, मात्र काढा, एखादी रेघ तुटलेली असेल तर पुढचं सगळं फुकट आहे, कारण सियानची (आकाशी निळ्या शाईची) बरीच भोकं बंद असली तर चेहरे लाल होणारच. नोझल चेक साफ आला आणि टेस्ट इमेज नीट छापली गेली, म्हणजे करडी पट्टी खरंच करडी आली, तर प्रिंटर आणि त्याची सेटिंगं ठीक आहेत, दोष तुमच्या मॉनिटरमध्ये किंवा फाइलीत. आणि टेस्ट इमेजच लालसर आली तर घोळ छापतानाच होतोय, मॉनिटरच्या नावाने बोटं मोडू नका.

छापताना होणारा सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे रंगांची जुळवणी दोनदा होणं. फोटोशॉपच्या प्रिंट विंडोत विचारतात की रंग कोण सांभाळणार, फोटोशॉप का प्रिंटर. तुम्ही फोटोशॉप निवडता, कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर कुठला रंग कसा उमटतो हे सांगणारी फाइल) निवडता, छान. पण मग प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन त्याची स्वतःची रंगदुरुस्ती बंद करायची राहून जाते. मग फोटोशॉपने रंग बदलून पाठवले, ड्रायव्हरला वाटलं हे कच्चेच आहेत, त्याने परत बदलले. बऱ्याचदा याचाच परिणाम गुलाबी-लाल झाक म्हणून दिसतो. ड्रायव्हरमध्ये तो पर्याय एप्सनमध्ये नो कलर अॅडजस्टमेंट अशा नावाने असतो, कॅननमध्ये कलर मॅचिंगखाली नन करावं लागतं. नाव काहीही असो, मालक एकच पाहिजे, दोन नकोत. प्रोफाइल बिफाइल कळत नसेल तर उलटं करा, प्रिंटर मॅनेजेस कलर्स निवडा आणि सगळं ड्रायव्हरवर सोडा, कंपनीचाच कागद आणि कंपनीचीच शाई असेल तर तेही बऱ्यापैकी चांगलं येतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरा घोळ कागदाच्या प्रकाराचा. ड्रायव्हरमध्ये ग्लॉसी, मॅट, प्लेन असं जे निवडतो ते नुसतं नाव नाहीये, किती शाई ओतायची हे त्यावरून ठरतं. मॅट कागद घालून ग्लॉसी निवडलं की सावल्यांमध्ये शाईचं तळं होणार. आणि प्रोफाइल हे कागदाचं एकट्याचं नसतं, प्रिंटरचं मॉडेल, शाई, कागद आणि ते मीडिया सेटिंग या चौघांचं मिळून एक प्रोफाइल असतं. चौघातला एक जरी बदलला, म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून दुसरी शाई भरली, तर ते प्रोफाइल त्या जोडीचं राहिलंच नाही. रिफिल शाई वापरू नका असं मी म्हणत नाही, मी पण वापरलीय, पण मग त्या शाईसाठी वेगळं प्रोफाइल बनवून घ्यावं लागतं.

आणि तिसरी गोष्ट, प्रिंट कुठल्या उजेडात बघताय. एकाच प्रिंटचा करडा खिडकीपाशी बरोबर दिसतो, पिवळ्या बल्बखाली गुलाबट दिसतो आणि काही स्वस्त एलईडीखाली हिरवट. छपाईवाले याला सहसा मेटामेरिझम म्हणतात. तुमची प्रिंट खिडकीपाशी नेऊन बघा, थेट ऊन नको, नुसता दिवसाचा उजेड. तिथे लाली गेली तर प्रिंटर सुटला निर्दोष. छपाईच्या जगात प्रिंट बघायचा उजेड ठरलेला आहे, डी५० म्हणतात, ५००० केल्विन (उजेड किती पिवळट किंवा निळसर ते सांगणारं माप), आणि आयएसओ ३६६४ या मानकात बारीक तुलनेसाठी २००० लक्स आणि साध्या बघण्यासाठी ५०० लक्स दिलेत. घरी एवढा थाट नको, पण टेबलावर ५००० केल्विनचा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा दिवा लावला तर डोकेदुखी खूप कमी होते. अजून एक, इंकजेटची प्रिंट बाहेर आल्या आल्या तिच्याकडे बघून निर्णय घेऊ नका, शाई सुकताना रंग थोडा सरकतो, पक्का निर्णय दुसऱ्या दिवशी.

आता निळ्याचा जांभळा. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

स्क्रीन लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून रंग करते. कागदावर सियान, मॅजेन्टा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी शाई असते, ती उजेडातून रंग खाऊन टाकते आणि उरलेला आपल्याला दिसतो. दोघांची रंग दाखवायची हद्द वेगळी, तिला गॅमट म्हणतात. स्क्रीनचा शुद्ध निळा, म्हणजे लाल, हिरवा, निळा या आरजीबी आकड्यांत ०, ०, २५५, हा कुठल्याच सियान-मॅजेन्टाच्या मिश्रणातून येत नाही. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन सेटिंगने त्याचं सीएमवायके, म्हणजे याच चार शायांचे टक्के, केलं तर सियान ८८ आणि मॅजेन्टा ७७ च्या आसपास येतं, आणि एवढा मॅजेन्टा पडला की ते जांभळंच दिसणार. एका ग्राहकाचा लोगो असाच स्क्रीनवर बनवलेला होता, तीन वेळा व्हिजिटिंग कार्ड परत आली, दरवेळी प्रेसवाल्याला शिव्या, प्रेसवाला बिचारा बरोबर छापत होता. शेवटी मॅजेन्टा हाताने खाली आणला, सियान १०० आणि मॅजेन्टा ६५, तेव्हा कुठे निळ्याला निळा म्हणता आलं. तो स्क्रीनसारखा नव्हताच, पण निळा होता. सीएमवायकेत निळा करताना मॅजेन्टा सियानपेक्षा निदान तीसेक टक्के खाली ठेवायचा, हा ठोकताळा वर्षानुवर्षं कामाला येतोय.

तीच गत झगझगीत हिरव्याची, निऑन गुलाबीची आणि भडक केशरीची. गंमत म्हणजे उलटंही असतं, छापलेला शुद्ध सियान एसआरजीबीच्या (साध्या स्क्रीनसाठी ठरलेल्या रंगांच्या) हद्दीबाहेर जातो, म्हणजे साधी स्क्रीनच तो रंग पूर्ण दाखवू शकत नाही. छपाईची हद्द कायम लहानच असते असं जे सांगतात ते अर्धवट आहे, दोन्ही हद्दी एकमेकीत अर्ध्या शिरलेल्या असतात.

हे आधीच बघायची सोय आहे, सॉफ्ट प्रूफ. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूत प्रूफ सेटअप, त्यात कस्टम, तिथे कागदाचं प्रोफाइल निवडा, मग कंट्रोल वाय दाबलं की स्क्रीनवर अंदाज दिसतो की कागदावर काय होणार. शिफ्टसकट दाबलं तर जे रंग हद्दीबाहेर आहेत त्यांच्यावर करडा थर येतो. त्या कस्टमच्या विंडोत सिम्युलेट पेपर कलर नावाची खूण असते, ती केली की फोटो एकदम राखाडी, निर्जीव दिसतो आणि लोक घाबरून ती काढून टाकतात. काढू नका. तो धक्का बसतो कारण डोळा एका सेकंदापूर्वीच्या चकचकीत चित्राशी तुलना करतोय. खूण करताना दुसरीकडे बघा, खरंच, मान वळवून बघा, आणि स्क्रीनवर दुसरं काहीही पांढरं उघडं ठेवू नका. मग परत बघा, कागदाच्या बरंच जवळ जातं. कागदाचा काळा हा खरा काळा नसतोच हे तेव्हा कळतं, चांगल्या मॉनिटरवर पांढऱ्या-काळ्यात हजार पट फरक, ग्लॉसी फोटो कागदावर दोनशेच्या आसपास आणि मॅट कागदावर जेमतेम चाळीस-पन्नास पट. मॅटवर सावल्या भरून आल्यासारख्या वाटतात त्याचं कारण हे, तो प्रिंटरचा आळशीपणा नाही.

रेंडरिंग इंटेंटवर, म्हणजे हद्दीबाहेरचे रंग आत कसे आणायचे त्या पर्यायावर, लोक तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात फारसा रस नाही. हद्दीबाहेरचे रंग थोडे असतील तर रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फाइलीचा काळा कागदाच्या काळ्याशी जुळवायची खूण) चालू, खूप असतील आणि रंगाच्या छटा सपाट होत असतील तर पर्सेप्च्युअल. दोन्ही सॉफ्ट प्रूफमध्ये बघा, बरं वाटेल ते घ्या, पुढे चला.

फाइलीचं प्रोफाइल मात्र सांभाळा. एसआरजीबी हे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं आणि तेव्हाच्या साध्या मॉनिटरवरून बेतलं, अॅडोबी आरजीबी १९९८ चं, त्यात हिरवे-सियान जास्त मावतात. फाइलीला कुठलं प्रोफाइल लागलंय हे सांगणारी चिठ्ठीच गळून पडली तर पुढचं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आणि वाइड गॅमट मॉनिटरवर तर असा फोटो उकळल्यासारखा भडक दिसतो. चॅटवरून आलेला फोटो छापू नका, मूळ फाइल मागवा. आणि असाइन प्रोफाइल आणि कन्व्हर्ट टू प्रोफाइल यात गल्लत करू नका, असाइनने आकडे तेच राहतात आणि दिसणं बदलतं, कन्व्हर्टने दिसणं शक्य तितकं तेच राहतं आणि आकडे बदलतात. तुम्हाला बहुतेक वेळा कन्व्हर्टच हवं असतं. घरच्या इंकजेटला फाइल आरजीबीच पाठवा, ड्रायव्हरला तीच लागते, स्वतः सीएमवायके करून पाठवली तर तो तिचं परत आरजीबी करणार आणि तुम्ही विनाकारण रंग घालवलेत.

ऑफसेटला काम जाणार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रेसला आधीच विचारा की कुठल्या प्रोफाइलवर छापता. फोग्रा ३९ म्हणाले, फोग्रा ५१ म्हणाले (ही ऑफसेटची ठरलेली प्रोफाइलं), जे म्हणतील ते. न विचारता फोटोशॉपमधलं नेहमीचं राहू दिलं तर ते बहुतेक स्वॉप व्ही२ असतं, अमेरिकेतल्या रोटरीवर छापल्या जाणाऱ्या मासिकांसाठी बनवलेलं. एकूण शाईची, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेची, मर्यादाही विचारा, गुळगुळीत कागदावर ३०० ते ३३० टक्के चालतं, वर्तमानपत्राच्या कागदावर २४० च्या वर गेलात तर शाई मागच्या पानावर उतरते. आणि लोगोचा रंग जिवावरचा असेल तर सरळ पॅन्टोनची स्पॉट शाई (आधीच मिसळून ठरवलेल्या रंगाची शाई) घ्या, पण तिथेही सी आणि यू बघा, शाई तीच असते पण सी चकचकीत कागदावरची आणि यू साध्या कागदावरची, साध्या कागदावर ती मंद होणार.

आता कॅलिब्रेटर. घ्या, पण वरचं सगळं करून झाल्यावर. तो काचेला लावायचा आणि तो स्क्रीनचे रंग मोजून मॉनिटरचं प्रोफाइल बनवतो. मॉनिटर आधी अर्धा तास चालू ठेवा, लक्ष्य १०० ते १२० निट, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतील तो आकडा) २.२, आणि पांढरा ६५०० केल्विन द्या, शेजारी ठेवलेल्या कागदापेक्षा निळा वाटला तर ५८०० ते ६००० च्या दरम्यान आणा, यात आकड्यापेक्षा कागदाचं ऐका. कागदात ब्राइटनर घातलेले असतात, ते अल्ट्राव्हायोलेट पिऊन निळसर चमकतात, त्यामुळे दोन पांढरे कागदसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, तर सगळ्या कागदांना जुळणारा एक केल्विनचा आकडा कुठून आणणार. महिन्या-दीड महिन्याने परत मोजा. एक गैरसमज आधीच काढतो, साधा कॅलिब्रेटर फक्त स्क्रीन मोजतो, कागद मोजत नाही, प्रिंटरचं प्रोफाइल बनवायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो आणि तो बराच महाग असतो, त्यापेक्षा पट्ट्या छापून प्रोफाइल बनवून देणाऱ्याकडे पाठवलेलं परवडतं.

एवढं सगळं करताना एक पथ्य पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहा, कागद कुठला, प्रोफाइल कुठलं, इंटेंट कुठला, ड्रायव्हरमध्ये काय. माझ्याकडे अशा प्रिंटांचा गठ्ठाच आहे. आणि प्रिंट डार्क येते म्हणून स्क्रीन न जुळवताच मूळ फोटो अंदाजाने उजळ करून ठेवायचा जो प्रकार तुम्ही केलाय तो आधी परत फिरवा. तो रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा मामला आहे, उद्या तोच फोटो दुसरीकडे छापायला दिलात की तिथे फिका येणार.

आज संध्याकाळी एवढंच करा: नाइट लाइट बंद, ब्राइटनेस कागदाशी जुळवून खाली, नोझल चेक, मग फोटोशॉपमध्ये कागदाचं प्रोफाइल निवडून आणि ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद करून टेस्ट इमेजची एक प्रिंट. उद्या सकाळी ती खिडकीपाशी बघा आणि करड्या पट्टीत झाक कुठली आहे आणि ती सावल्यांत आहे का उजळ भागात तेवढं सांगा, त्यावरून पुढचं सांगता येईल.